हिंदुरावने चामटोली सोडल्याची बातमी

श्रीपादच्या एका गालावर साबण होता आणि दुसरा नुकताच मोकळा झाला होता, तेवढ्यात जनूने वस्तरा हवेत धरून विचारलं, "मग साहेब, आतली बातमी काय?"

बाकावर ताटकळत बसलेल्या मंडळींनी माना वर केल्या. बदलापूरजवळच्या बेलवलीत रविवारी सकाळी जनूच्या सलूनमध्ये जेवढी माणसं जमत, तेवढी एरवी सत्यनारायणालाही जमत नसत. या सगळ्यांच्या लेखी श्रीपाद हा अंबरनाथच्या कारखान्यातला कारकून नव्हताच. तो 'उल्हासकाठ' साप्ताहिकाचा क्रीडा प्रतिनिधी होता. शेवटच्या पानाचा खालचा अर्धा भाग त्याचा. खरं सांगायचं तर आतली बातमी त्याच्यापर्यंत आजवर कधी आलीच नव्हती. बाहेरच्या बातम्या यायच्या, त्याही सगळ्यांना कळून झाल्यावर. पण अर्धी दाढी झालेल्या माणसाने एवढ्या लोकांसमोर हे कसं कबूल करावं?

"आतली म्हणजे," श्रीपाद आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाला, "चामटोलीचा हिंदुराव बघ. यंदा जिल्ह्याच्या कबड्डीत त्याची चढाई कोणाला थांबवता येत नाहीये. आता उल्हासनगर कॅम्प तीनचे टेकचंदशेठ एवढा संघ बाळगून आहेत, ते नुसते बघत बसतील असं वाटतं का तुला?"

"म्हणजे हिंदुराव कॅम्पात चालला?"

"मी काही बोललो नाही बाबा," श्रीपाद म्हणाला. पण काही न बोललेल्या माणसाने ज्या आवाजात हे म्हणू नये, नेमक्या त्याच आवाजात म्हणाला.

दाढी झाली, तो घरी आला, जेवून झोपला आणि उठेपर्यंत सगळं विसरून गेला.

मंगळवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा ओतता ओतता धर्मराज त्याच्या कानाशी वाकला. धर्मराज कँटीन सांभाळायचा आणि राहायला बेलवलीतच होता. "साहेब, कळलं का? हिंदुराव चामटोली सोडतोय. टेकचंदशेठनं उचलला."

श्रीपादने कप बशीत ठेवला. "कोण म्हणालं?"

"एकदम पक्की खबर आहे. पेपरवाल्याकडनंच आलीय."

पेपरवाला! म्हणजे कल्याणच्या कुठल्यातरी दैनिकाच्या माणसाला आपल्या आधी सुगावा लागला! आपल्या अंगणातली बातमी आणि आपण स्टोअर्समध्ये नटबोल्ट मांडत बसलोय. चहा तसाच टाकून तो उठला.

संध्याकाळी घरी पोचतो, तर त्याची बायको कुंदा पालेभाजी निवडत बसलेली. "अहो, तुमचा तो हिंदुराव गाव सोडून चालला म्हणे," तिने सहज सुरात सांगितलं. "कॅम्पात त्याला खोलीसुद्धा बघून दिलीय. भाजीवाल्या रखमाबाई सांगत होत्या."

"खोली?" श्रीपाद मटकन बसला. बातमी नुसती पसरली नव्हती, तिला खोलीही मिळाली होती.

"त्याला एकदा विचारून का नाही बघत?" कुंदा म्हणाली. "चामटोली काय लंडनला आहे?"

पण श्रीपादच्या डोक्यात कल्याणचा तो अज्ञात पेपरवाला घुसून बसला होता. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर त्याने गाठली ती चामटोली नव्हे, उल्हासनगरचा कॅम्प नंबर तीन. टेकचंदशेठचा जीन्स शिवायचा कारखाना एका गल्लीत होता. आत शिलाई मशीन अशी कडाडत होती की एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलावं लागे. शेठना दोन गोष्टींचा शौक: एक आपला कबड्डी संघ आणि दुसरी आपल्याबद्दलची चर्चा.

"शेठ, हिंदुराव आपल्याकडे येतोय, खरं का?" श्रीपाद ओरडला.

टेकचंदशेठना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. पण आपल्या संघाची गोष्ट आपल्यालाच ठाऊक नाही, हे पेपरवाल्यासमोर मान्य करणारे ते शेठ नव्हेत. त्यांनी डोळे बारीक केले, नाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साईं, अभी मेरे मुंह से कुछ मत बुलवाओ."

झालं. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर, तिन्ही ठिकाणांहून दुजोरा मिळाला होता. श्रीपाद तसाच पुढच्या गल्लीतल्या छापखान्यात शिरला.

'उल्हासकाठ'चे संपादक, मालक आणि मुद्रक विष्णुपंत लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. साप्ताहिक शुक्रवारी निघे. बाकीचे दिवस छापखाना लोकांची लग्नं लावत असे. त्यांनी बातमी ऐकली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हिंदुरावला विचारलंस?"

"अजून नाही. आता जाऊन..."

"नको. तो नाही म्हणाला तर बातमीत उरतं काय? लिही, 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते.' आणि ही शेवटच्या पानावर नाही, पहिल्या पानावर जाणार!"

पहिलं पान! पुढचा विचार श्रीपादने केलाच नाही. तरी त्याने सावधपणे मथळ्यात प्रश्नचिन्ह घातलं होतं: 'हिंदुराव चामटोली सोडणार?' पण मोठ्या टायपातला प्रश्नचिन्हाचा खिळा छापखान्यात एकच होता आणि तो त्याच पानावर 'कॅम्पात पाणी कधी येणार?' या मथळ्यात अडकला होता. पाण्याच्या बाबतीत उद्गारचिन्ह घालणं शक्यच नव्हतं. ते हिंदुरावच्या वाट्याला आलं.

शुक्रवारी सकाळी अंक निघाला. टेकचंदशेठनी मथळा वाचला, पुन्हा वाचला आणि आपल्या संघाच्या मॅनेजरला बोलावून त्याची पाठ थोपटली. मॅनेजर म्हणाला, "शेठ, मैंने तो कुछ किया ही नहीं." शेठ हसले. एवढं मोठं काम गुपचूप करून वर नम्रपणा दाखवणारा माणूस त्यांना फार आवडला. "अखबार में आया है, तो अपन ने लिया ही होगा," असं म्हणत त्यांनी गल्लीभर मिठाई वाटली. दुपारपर्यंत निळ्या कापडाची हाफपँट शिवून झाली. तिच्यावर पिवळ्या दोऱ्याने 'हिंदुराव' असं नाव. संध्याकाळी हार, हाफपँट आणि मिठाईचा पुडा घेऊन शेठ रिक्षाने स्वतः चामटोलीत दाखल झाले.

तोवर चामटोलीत काय चाललं होतं, ते ऐका. हिंदुराव रोजच्यासारखा सरावाला गेला, तर कबड्डी मंडळाच्या खोलीला कुलूप. मंडळाचे प्रमुख आण्णा पायरीवर पेपर धरून बसलेले. ते हिंदुरावचे सख्खे काका. त्यांनीच त्याला लहानपणी शेताच्या बांधावर दम धरायला शिकवला होता. ते त्याच्याकडे बघेनात. "आण्णा, मी कुठं जात नाय," हिंदुराव पुन्हापुन्हा सांगत होता. आण्णांना ते पटतही आलं होतं. पेपरची घडी घालून ते उठले, खिशातून किल्ली काढली, आणि नेमकी तेव्हाच शेठची रिक्षा समोर येऊन थांबली. शेठनी खाली उतरून थेट हिंदुरावच्या गळ्यात हार घातला.

किल्ली परत खिशात गेली.

दोन रविवार पुढे अंबरनाथच्या मैदानावर अंतिम सामना होता. त्यात हिंदुरावचा खेळ बघून त्याला श्रीपादच्या कारखान्यात घ्यायचं, असं तिथल्या साहेबांनी ठरवलं होतं. आता संघातच जागा उरली नव्हती. त्याची आई अंजनी नळावर गेली की बायका आपापल्या कळशीत डोकावून बघू लागल्या, जणू पाण्यात काही पडलंय.

रविवारी सकाळी श्रीपादच्या दारावर थाप पडली. दारात हिंदुराव, अंजनी आणि आण्णा. हिंदुरावचे खांदे दाराच्या चौकटीत जेमतेम मावत होते. श्रीपादने मनातल्या मनात स्वतःच्या हाडांचा निरोप घेतला.

पण हिंदुराव चपला बाहेर काढून आत आला, सतरंजीच्या कडेला बसला आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "सायेब, मी चामटोली सोडली, ता मना कुनी सांगला नाय. तुमाला कुनी सांगला?"

श्रीपाद सावरून बसला. "ते... सूत्रांची नावं उघड करता येत नाहीत. पत्रकारितेचा नियम आहे."

"सूत्र म्हंजे?" अंजनीने विचारलं.

"सूत म्हंजे धागा," आण्णा म्हणाले. "मंग बरा झाला. धागा हाय ना, धरून मागं मागं जाऊ. कुठंतरी टोक गावंलच."

"तसं नसतं हो आण्णा, पत्रकार आपलं सूत्र..."

"मला रखमाबाईंनी सांगितलं," कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. चहाचे कप घेऊन ती बाहेर आली आणि तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी काही पत्रकार नाही. चहा घ्या, मग दाखवते त्या कुठे बसतात."

चहा झाला आणि वरात निघाली. रखमाबाई कोपऱ्यावर भाजीची पाटी मांडून बसल्या होत्या. एवढी माणसं बघून त्यांना आधी गिऱ्हाईक आल्याचा आनंद झाला. विषय कळल्यावर त्या म्हणाल्या, "मी कशाला बाई कुणाच्या पोराबद्दल खोटं बोलू? हितं बाजूला सलूनमध्ये चाललेलं बोलणं कानावर आलं, तेवढंच."

"आणि खोली?" कुंदाने विचारलं.

"खोली मी घातली," रखमाबाई ओशाळून म्हणाल्या. "पोरगा एवढ्या लांब जाणार, तर राहणार कुठं, असा मला घोर लागला."

त्या पाटीवर फडकं टाकून वरातीत सामील झाल्या. वाटेत धर्मराज दुधाची पिशवी घेऊन येताना दिसला. त्यालाही श्रीपादने अडवलं, कारण आता त्यालाच त्या कल्याणच्या पेपरवाल्याचा छडा लावायचा होता. "धर्मराज, तो पेपरवाला कोण होता रे?"

"नाव नाही ठाऊक. जनूच्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी. जनूलाच विचारा."

सगळे सलूनच्या दाराशी येऊन थांबले. आत जनू एकाच्या मानेवर पावडर मारत होता.

"जनू," श्रीपाद छाती पुढे काढून म्हणाला, "हिंदुरावची बातमी तुला ज्या पेपरवाल्याने दिली, त्याचं नाव आत्ताच्या आत्ता सांग. घाबरू नकोस. त्या माणसाची मी चांगली हजेरी घेणार आहे."

जनूने त्याच्याकडे बघितलं. मग आण्णांकडे, मग हिंदुरावच्या खांद्यांकडे. पावडरचा डबा त्याने हलकेच खाली ठेवला.

"साहेब, तुम्हीच की," तो म्हणाला. "याच खुर्चीत. गेल्याच रविवारी. म्हणालात, टेकचंदशेठ गप्प बसतील का."

श्रीपादला सगळं आठवलं. अर्धी दाढी आठवली, स्वतःचा तो आवाज आठवला. ज्या पेपरवाल्याचा त्याने आठवडाभर हेवा केला होता, तो समोर आरशात उभा होता. फारसा देखणाही नव्हता.

पहिल्यांदा हसली ती अंजनी. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग आण्णा. मग खुर्चीतलं गिऱ्हाईक. हिंदुराव मात्र हसला नाही. तो म्हणाला, "हितं समद्यांना कळला, सायेब. पण गावात कसा कळंल? पेपर तर गावभर फिरला."

श्रीपादने मान खाली घातली. मग वर केली. "पेपरच फिरेल परत," तो म्हणाला.

हे विष्णुपंतांना सांगणं मात्र सोपं नव्हतं.

"खुलासा?" विष्णुपंत म्हणाले. "घालू ना. तिसऱ्या पानावर, शुभविवाहाच्या जाहिरातीखाली. 'अनवधानाने', 'दिलगीर आहोत', दोन ओळीत. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"म्हणूनच तिथे नको," श्रीपाद म्हणाला. "पहिल्या पानावर. मोठ्या टायपात. आणि माझं नाव घालून."

"डोकं फिरलंय तुझं? पेपरची अब्रू आहे काही!"

"विष्णुपंत, हिंदुरावची अब्रू मोठ्या टायपात गेली. ती बारीक टायपात परत कशी येईल?"

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या लग्नपत्रिकांत काना-मात्रा चुकली तर स्वखर्चाने पुन्हा छापून दिली होती. बातमीला मात्र हा हिशेब लावावा असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. "'विचारू नको' असं मीच म्हणालो होतो," ते पुटपुटले. "ते पण लिही. एकट्याने मोठेपणा घेऊ नकोस."

शुक्रवारी पहिल्या पानावर आलं: 'हिंदुराव चामटोलीतच! बातमी साफ खोटी होती.' खाली लिहिलं होतं, 'या बातमीतील विश्वसनीय सूत्र म्हणजे आमचे क्रीडा प्रतिनिधी श्रीपाद स्वतः होते. ते सूत्र विश्वसनीय नव्हते. हिंदुराव यांना एका शब्दानेही विचारले नाही, आणि विचारू नये असे संपादकांनी सांगितले. टेकचंदशेठ यांनीही कोणताही करार केलेला नाही. हिंदुराव, त्यांच्या मातोश्री आणि चामटोली गाव यांची आम्ही क्षमा मागतो.'

आण्णांनी ते मंडळाच्या पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचलं. कोणाला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं. मग किल्ली हिंदुरावच्या हातात दिली आणि म्हणाले, "खोल तूच." एवढंच. पण कुलूप उघडेपर्यंत दोघांचे डोळे लाल झाले होते.

शेठ थोडे खट्टू झाले. तरी रिक्षावाल्याबरोबर त्यांनी ती निळी हाफपँट चामटोलीला पाठवून दिली. सोबत निरोप: 'रख लो साईं, नाम तो तुम्हारा ही है, और किसको आएगी?'

अंतिम सामन्याला अंबरनाथचं मैदान गच्च भरलं होतं. समोर मुरबाडचा संघ. हिंदुरावने पहिल्या डावात असा काही धुमाकूळ घातला की मुरबाडचे गडी आत कमी आणि बाहेरच जास्त दिसत होते. दुसऱ्या डावात मुरबाडने अंतर कापत आणलं. शेवटच्या चढाईला हिंदुराव गेला, एका गड्याला शिवला, वळला, झेपावला आणि मधल्या रेषेच्या हातभर अलीकडे पाय सटकून आडवा झाला. सगळा मुरबाड त्याच्या अंगावर. सामना एका गुणाने गेला.

टाळ्यांच्या मागोमाग दुसरीच कुजबुज सुरू झाली. श्रीपादच्या मागे कोणीतरी म्हणालं, "मुद्दाम पडला. आतली बातमी आहे." दुसरा म्हणाला, "माझ्याही कानावर आलंय."

श्रीपाद ताडकन उठला. गर्दीतून कोपरं मारत तो थेट मैदानात घुसला. हिंदुराव गुडघ्यावरची माती झाडत बसला होता.

"हिंदुराव, काय झालं?"

हिंदुरावने वर बघितलं. कोणीतरी त्याला विचारत होतं, याचंच त्याला आधी नवल वाटलं. "घसरलो, सायेब. दुसरा काय?"

"छापू?"

"छापा. माझा नाव घालून छापा."

"आन माझा पन," आण्णा धापा टाकत येऊन म्हणाले. "मैदानावर पानी जादा मारला होता. आण्णा बोलला म्हनून लिव्हा."

"पाणी मी मारलं," मैदान राखणारा बाळाजी पुढे झाला. "धूळ बसावी म्हणून मारलं, थोडं जास्त झालं. घाला माझंही नाव, मी काय घाबरतो?"

मग अंजनीने सांगितलं की पोराचे तळवे लहानपणापासून सपाट आहेत. पंचांनी सांगितलं की पाय सरकल्याची खूण त्यांनी जागेवर बघितली. ज्या दोघांच्या कानावर आतली बातमी आली होती, त्यांच्याकडे श्रीपाद पेन घेऊन वळला आणि म्हणाला, "तुमची नावं?" ते दोघे भेळेच्या गाडीच्या दिशेने निघून गेले, ते परत दिसले नाहीत. पण चामटोलीकर मात्र रांगेत उभे राहिले. ज्याने त्याने हिंदुरावला आपल्या डोळ्यांनी घसरताना पाहिलं होतं आणि ज्याला त्याला ते नावानिशी सांगायचं होतं.

कारखान्याच्या साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. पेपर वाचायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पहिला डाव पाहिला होता. सोमवारी त्यांनी हिंदुरावला बोलावून कामावर घेतलं.

श्रीपादचा वृत्तांत शुक्रवारी छापून आला आणि चामटोलीत 'उल्हासकाठ'चा एक अंक उरला नाही. घराघरात एकेक नाव निघालं होतं. आण्णांनी तर कात्रण मंडळाच्या भिंतीवर चिकटवलं. अंजनीने कुंदासाठी वालाच्या शेंगा पाठवल्या. विष्णुपंतही खुशीत होते. पेपर एवढा खपल्याचं त्यांना स्वतःच्या लग्नापासून आठवत नव्हतं.

शनिवारी श्रीपाद छापखान्यात बसला असताना तिघे धट्टेकट्टे गडी आत आले. हातात अंक.

"हे तुम्हीच लिवलं का?" त्यातला एक म्हणाला. "आम्ही मुरबाडचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मैदान आहे, पाणी आहे, हिंदुरावचे तळवेसुद्धा आहेत. पण सामना कोण जिंकलं, ते कुठंच नाही."

विष्णुपंतांनी अंक ओढून घेतला. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. नावांच्या गर्दीत निकाल राहूनच गेला होता. चामटोलीत एवढे अंक वाचले गेले, पण हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नव्हतं.

विष्णुपंतांनी कपाळाला हात लावला. "परत खुलासा! श्रीपाद, या खेपेला तरी छोटा लिही रे."

"छोटाच लिहितो," श्रीपाद म्हणाला. त्याने कोरा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि पाहुण्यांना बाकाकडे हात केला. "बसा ना. आधी तुमची नावं सांगा."

"आमची होय?" तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा राग कुठच्या कुठे गेला. मग त्यातला एक जरा लाजत, दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "बाहेर टेम्पोत अख्खा संघ बसलाय. बोलावू?"